वरोऱ्याचा कोळसा, वैरागडचा हिरा

बसा पोरांनो, नीट सावरून बसा. आजची गोष्ट आपल्याच मुलखातली आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आज दोन जिल्हे आहेत, पण १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. म्हातारी माणसं अजून त्याला चांदाच म्हणतात. या जुन्या चांद्याच्या पश्चिम अंगाला, वर्धा नदीच्या खोऱ्यात, दगडी कोळसा आहे. माजरी, घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, सास्ती, जिकडे जाल तिकडे खाण. या खाणींतली जुनी म्हणजे वरोऱ्याची. इंग्रजांच्या काळात ती सरकारने चालवली आणि तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली. ती खाण कधीच बंद पडली, पण रूळ आले ते आलेच.

आता पूर्वेकडे चला. आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी नदीच्या काठी वैरागड आहे. तिथला पडका किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्या वैरागडला हिऱ्याच्या खाणी होत्या. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती लिहिताना त्यांची नोंद केली आहे. आपल्या गोंड राजांच्या मुलखातली ही खाण मुघल दरबारापर्यंत ठाऊक होती. पुढे व्हॅलेंटाइन बॉल नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८१ मध्ये भारतातले हिरे, कोळसा आणि सोनं या तिघांवर मिळून एकच पुस्तक लिहिलं. या तिघांतले पहिले दोन आपल्या एका जिल्ह्यात होते.

हे सांगितलं की माझी धाकटी नात हटकून विचारते, "आबाजी, कोळसा जमिनीत दाबून दाबून हिरा बनते म्हणते, खरं आहे का जी?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे. पुष्कळ मोठी माणसंही हेच समजतात. भाषणांत सांगतात, सुविचार म्हणून फळ्यावर लिहितात. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण आधी कोळसा म्हणजे काय आणि हिरा म्हणजे काय हे बघू. नाहीतर नुसतं हो किंवा नाही ऐकून तुम्ही उठून जाल.

दोघंही कार्बनचे, हे तर शाळेत शिकवतात. पण हे कळलं कसं? हिरा जाळून. हो, हिरा जळतो. १७७२ साली फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सोबत्यांनी मोठ्या भिंगाने सूर्याची किरणं हिऱ्यावर धरली आणि हिरा नाहीसा झाला. उरला तो वायू, लाकडी कोळसा जाळल्यावर येतो तसलाच. १७७९ मध्ये शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शिसपेन्सिलीत वापरतात ते ग्रॅफाइटही कार्बनच आहे हे दाखवलं. मग १७९७ मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटने सोन्याच्या नळीत सोऱ्यासोबत हिरा तापवून जाळला आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड नीट मापला. तेवढ्याच वजनाच्या लाकडी कोळशातून जेवढा निघतो, तेवढाच तो भरला. वाद मिटला. राजाच्या मुकुटातला खडा आणि चुलीतला निखारा यांच्यात वस्तू एकच होती.

वस्तू एकच, तर मग एक पारदर्शक आणि दुसरा काळा कसा? एकाने काच कापली जाते आणि दुसऱ्याने कागदावर रेघ उमटते, ती कशी?

यासाठी एकच कल्पना ध्यानात ठेवा. कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत असं धरा. या चार हातांनी तो शेजाऱ्यांना कसा धरतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

हिऱ्यात प्रत्येक अणू आपले चारही हात चार दिशांना पसरतो आणि प्रत्येक हाताने एकेक शेजारी घट्ट पकडतो. ते शेजारीही तेच करतात. वर, खाली, आजूबाजूला, कुठेही सैल जागा नाही. दोन शेजाऱ्यांत अंतर ०.१५४ नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ही रचना १९१३ मध्ये ब्रॅग बापलेकांनी क्ष-किरणांनी शोधून काढली. सगळे हात गुंतलेले असल्यामुळे हिरा नैसर्गिक वस्तूंत सर्वांत टणक ठरतो. त्याच्यात वीज वाहून न्यायला मोकळा इलेक्ट्रॉन उरत नाही, म्हणून तो विजेला अडवतो. उष्णता मात्र त्याच्यातून तांब्याच्या कितीतरी पट, जवळजवळ पाचपट वेगाने जाते. सराफाकडे हिरा पारखायची पेनासारखी यंत्रं असतात, त्यांतली बरीच हीच उष्णता मोजतात. काचेच्या खड्यात उष्णता रेंगाळते, हिऱ्यात झटकन निघून जाते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. टणक म्हणजे न फुटणारा नव्हे. हिऱ्यावर हातोडी मारली तर तो ठरावीक पातळ्यांवर सरळ दुभंगतो. हिऱ्याचे कारागीर याच पातळ्या ओळखून कच्चा हिरा फोडत आले, पैलू मात्र घासूनच पाडतात. जुन्या काळी कुणी ऐरणीवर हिरा ठेवून 'खरा असेल तर फुटणार नाही' म्हणत घाव घातला असेल, तर त्यात कितीतरी खरे हिरे गेले असतील.

हिऱ्याचं खरं काम अंगठीत फार थोडं आहे. काचेच्या दुकानात काच कापायची हिरकणी असते ती तुम्ही पाहिली आहे. पण मला सर्वांत अप्रूप वाटतं ते ड्रिलिंगच्या बिटचं. जमिनीखाली कोळसा कुठे, किती खोल, किती जाड, हे कळायला भोक पाडून दगडाचा सलग गोल दांडा वर काढावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. हा कोअर कापणारी पोकळ बिट हवी, आणि तिच्या तोंडाशी धातूत बारीक हिऱ्यांचा चुरा बसवलेला असतो. पाणी सोडत ती बिट फिरते, हिऱ्याचे कण दगड झिजवतात आणि आतला दांडा नळीत शिरतो. वर आल्यावर लाकडी पेट्यांत तो क्रमाने मांडतात: पिवळट वाळूचा दगड, राखाडी शेल, मग एकाएकी काळाभोर पट्टा. नागपूरच्या मिनरल एक्सप्लोरेशन कंपनीचं हेच काम. १९७२ पासून ते चालू आहे. आपल्या खोऱ्यातला कोळसा असा हिऱ्याच्या दातांनी शोधतात.

आता शिसपेन्सिल घ्या. तिच्यात शिसं अजिबात नाही. तिचा गाभा ग्रॅफाइट आणि चिकणमातीचा, १७९५ पासून कोंते नावाच्या फ्रेंच माणसाच्या पद्धतीने भाजलेला. ग्रॅफाइटमध्ये अणू तीनच हातांनी शेजारी धरतो, तेही एकाच पातळीत. त्यामुळे षटकोनांचा सपाट पत्रा तयार होतो. चौथ्या हाताचा इलेक्ट्रॉन त्या पत्र्यावर मोकळा फिरतो. पत्र्यावर पत्रा रचलेला असतो, दोघांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर अंतर, आणि त्यांची आपसातली ओढ अगदी दुबळी. पत्र्यातली पकड हिऱ्यापेक्षाही घट्ट आहे बरं का. सैल आहे ती पत्र्यापत्र्यांतली. पेन्सिल कागदावर ओढली की वरचे पत्रे सुटून कागदाला चिकटतात, त्यालाच आपण अक्षर म्हणतो.

मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे ग्रॅफाइटमधून वीज वाहते. हा प्रयोग घरी करून बघा. पेन्सिलीला दोन्ही टोकं काढा. दोन टॉर्चचे सेल, एक छोटा एलईडी आणि तारा घ्या आणि मधल्या जागी पेन्सिल जोडा. दिवा मंद लागेल, पण लागेल. टॉर्चच्या साध्या सेलच्या मधोमध जी काळी कांडी असते, तीही कार्बनचीच. सेल मात्र फोडू नका, आतला मसाला हाताला लागू देऊ नये.

हीच कांडी राक्षसी आकारात पाहायची असेल तर चंद्रपूरच्या फेरो अलॉय कारखान्याकडे बोट दाखवावं लागेल. आपण त्याला एमईएल म्हणत आलो. २०११ मध्ये तो स्टील अथॉरिटीत विलीन झाला. मँगनीजच्या खनिजापासून तिथे पोलादासाठी लागणारी मिश्रणं करतात. असल्या भट्टीत वरून कार्बनचे खांब सोडलेले असतात, माणसाच्या कवेत मावणार नाहीत एवढे. त्यांच्यातून वीज खाली उतरते आणि मालमसाला वितळतो. लोखंडाचा खांब ठेवला असता तर तोच आधी वितळला असता. कार्बन साध्या दाबाखाली वितळतच नाही, ३६०० अंशांच्या पुढे गेला की त्याची सरळ वाफ होते. पृथ्वीवर एवढी आग सोसून वरून वीजही वाहणारी दुसरी स्वस्त वस्तू नाही.

आता कोळशाकडे येऊ. माझं आयुष्य याच्याच सोबत गेलं, तेव्हा थोडं जास्त बोलू द्या.

कोळशाचा एक खडा हातात घ्या आणि उन्हात धरा. तो एकसारखा काळा नाही, त्याच्यात पट्टे आहेत. एक पट्टा काचेसारखा चमकतो आणि टिचकीने बारीक चौकोनी तुकड्यांत फुटतो. हा झाडाच्या खोडासालीचा अंश. दुसरा पट्टा मंद, दगडासारखा, चिवट. आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एक पातळसा थर असतो, रेशमासारखा तंतुमय आणि मऊ. बोट लावलं की बोट काळं होतं. खरं तर कोळशाने हात काळे होतात ते बहुतेक या तिसऱ्या थरामुळेच. चमकता पट्टा बोटावर फारसा डाग सोडत नाही.

हा तिसरा थर म्हणजे काय, सांगतो. तो लाकडी कोळसा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलाला वणवा लागला, झाडं अर्धवट जळली आणि तो जळका कोळसा दलदलीत वाहत येऊन गाडला गेला. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत आपल्या जंगलात वणवे लागतात, तसे तेव्हाही लागत, विजांमुळे. माणूस तेव्हा कुठेच नव्हता. भिंगातून त्या थरात लाकडाच्या पेशींच्या नळ्या अजून दिसतात. मला विचाराल तर सगळ्या खाणीत याहून नवलाची गोष्ट नाही.

ती झाडं कोणती? त्यांचं नाव ग्लॉसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. कोळशाच्या थरांवरच्या शेलमध्ये या पानांचे ठसे सापडतात. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन इथे नव्हती. दक्षिण गोलार्धात आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना जोडलेली होती. आधी इथे हिमनद्या होत्या. खोटं वाटेल, पण चंद्रपूरपासून जवळच, पैनगंगेच्या खोऱ्यात, चुनखडीच्या खडकावर हिमनदीने दगड ओढत नेल्याचे ओरखडे आहेत. भूवैज्ञानिकांनी ते एकोणिसाव्या शतकातच नोंदवले. मे महिन्यात जिथे पारा ४५-४६ अंशांवर जातो, तिथे एके काळी बर्फ सरकत होता. बर्फ वितळला, नद्या मोठ्या झाल्या, दलदली पसरल्या आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची जंगलं उभी राहिली.

याच पानाची एक गोष्ट आहे. १९१२ साली कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतत होता. सोबती थकलेले, अन्न संपत आलेलं, थंडी जीवघेणी. तरी वाटेत गोळा केलेले सोळा किलो दगड त्यांनी घसरगाडीवरून टाकले नाहीत. पुढे त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा ते दगडही सापडले, आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिसच्या पानांचे ठसे निघाले. आपल्या कोळशाचं झाड अंटार्क्टिकात! हे खंड एके काळी जोडलेले होते, याचा हा मोठा पुरावा ठरला.

झाड दलदलीच्या पाण्यात पडलं की त्याला हवा मिळत नाही, म्हणून ते पुरतं कुजत नाही. त्यावर गाळ, त्यावर पुन्हा झाडं, पुन्हा गाळ. खाली दाब आणि ऊब वाढते, पाणी आणि वायू निघून जातात, कार्बनचं प्रमाण वाढत जातं. कोळशात कार्बनचे छोटे षटकोनी तुकडे असतात, ग्रॅफाइटसारखे, पण वेडेवाकडे पडलेले, आणि त्यांच्यात हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक असं बरंच काही अडकलेलं. त्यातून आपल्या खोऱ्यातल्या कोळशात नद्यांनी आणलेली माती भरपूर, म्हणून त्याची राख जास्त. पोलादाच्या झोतभट्टीला लागणारा कोक याच्यापासून होत नाही, त्यासाठी झरियाचा कोळसा लागतो. आपला कोळसा मुख्यतः वीज करायला.

आता नातीच्या प्रश्नाचं उत्तर.

हिरा तयार होतो तो जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटरवर, कवचाच्याही खाली, जिथे दाब इथल्या हवेच्या पन्नास हजार पटीच्या घरात आणि तापमान हजार अंशांच्या आसपास असतं. आपला कोळसा गाडला गेला तो फार तर एक-दोन किलोमीटर. त्याला हिऱ्याच्या घराचा रस्ताच माहीत नाही. आणि याहून सोपी खूण वयाची. जमिनीवर झाडंझुडपं आली त्याला पन्नास कोटी वर्षंही झाली नाहीत. जगातले बहुतेक हिरे शंभर ते तीनशे कोटी वर्षांचे आहेत. ज्या वेळी झाडच नव्हतं, त्या वेळी झाडाच्या कोळशाचा हिरा कुठून होणार? वैरागडचा हिरा दुर्गापूरच्या कोळशाचा नातू नाही. तो त्याच्या आजोबांच्याही आधी जन्मलेला.

हिरा वर कसा येतो, तेही ऐका. खोलवरून किंबरलाइट नावाचा शिलारस फार वेगाने, काही तासांत किंवा दिवसांत वर उसळतो आणि हिरे सोबत आणतो. तो रेंगाळला तर खेळ बिघडतो, कारण दाब उतरला आणि उष्णता तशीच राहिली तर हिऱ्याचं ग्रॅफाइट होतं. मोरोक्कोत बेनी बुसेरा नावाच्या जागी आठ पैलूंचे, हुबेहूब हिऱ्याच्या आकाराचे ग्रॅफाइटचे खडे सापडतात. ते एके काळी हिरेच होते, हळूहळू वर आले म्हणून काळे पडले. म्हणजे उलटी वाट खरी आहे. जमिनीच्या वर आपल्याकडे टिकाऊ रूप ग्रॅफाइटचंच आहे. बोटातल्या अंगठीचा हिराही तत्त्वतः ग्रॅफाइट व्हायच्या बाजूलाच कललेला आहे, फक्त इथल्या तापमानाला तो बदल इतका संथ आहे की कोट्यवधी वर्षांतही दिसत नाही. वर आलेले हिरे मग पाऊस आणि नद्या खडकातून सोडवतात आणि गोट्यावाळूत नेऊन टाकतात. वैरागडला लोक तसल्याच मुरमाड जांभ्या मातीत हिरे शोधत.

माणसाने हिरा केला तो १९५० च्या दशकात, ग्रॅफाइट प्रचंड दाबाखाली तापवून. आज सुरतला तर मिथेन वायूतून थर चढवून हिरे वाढवतात. दगडी कोळसा कुणीच वापरत नाही.

लाकडी कोळसा मात्र आपल्या जंगलाचा जुना सोबती. लाकूड उघड्यावर जाळलं तर राख उरते. तेच मातीने झाकून, हवा कोंडून भट्टी लावली तर बाकीचं उडून जातं आणि कार्बनचा सांगाडा राहतो. वाळलेल्या लाकडात वजनाने जवळपास निम्मा कार्बनच असतो. याच कोळशावर आपल्या भागातले जुने कारागीर खनिजापासून लोखंड गाळत. खनिजात लोखंडाला ऑक्सिजन घट्ट चिकटलेला असतो. भात्याच्या वाऱ्याने पेटलेला कोळसा उष्णता देतो आणि तो ऑक्सिजनही ओढून घेतो, मागे लोखंड राहतं. त्यात दोन टक्क्यांपेक्षा कमी कार्बन मुरला की पोलाद. घुग्घुसच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात आज फिरत्या भट्टीत दगडी कोळशाने घडतं, ते मुळात हेच.

लाकडाच्या किंवा नारळाच्या कवटीच्या कोळशाला वाफेने आणखी पोखरलं की त्यात अगणित बारीक भोकं पडतात. अशा एका ग्रॅमच्या भोकांच्या भिंती पसरल्या तर हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जागा भरते. पाण्याच्या फिल्टरमध्ये वास आणि रंग धरून ठेवतो तो हाच.

आणि काजळी? तिला कमी लेखू नका. जुन्या पोथ्यांची काळी शाई काजळीपासून करत, आणि कार्बन सहसा कशाशी झगडत नाही म्हणून ती अक्षरं शेकडो वर्षं काळी राहिली. गाडीचे टायर काळे असतात तेही काजळीनेच, तिच्याशिवाय रबर लवकर झिजतं. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना ग्रॅफाइटच्या वाफेत साठ अणूंचा बंद गोळा सापडला: बारा पंचकोन, वीस षटकोन, फुटबॉलवरची शिवण असते अगदी तशी. त्याला फुलरीन म्हणतात, आणि काही ज्योतींच्या काजळीतही तो सापडला. त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. १९९१ मध्ये जपानच्या इजिमांनी षटकोनी पत्र्याच्या गुंडाळलेल्या नळ्या दाखवल्या. २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून, पुन्हा पुन्हा सोलून, एकच पत्रा वेगळा केला. हेच ग्राफीन. एक चौरस मीटर पत्रा पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. २०१० चं नोबेल या चिकटपट्टीला मिळालं असं म्हटलं तरी चालेल.

शेवटी एका आजोबा-नातवाची गोष्ट. व्हिएन्नाचे एडुआर्ड सुएस हे थोर भूवैज्ञानिक. आपल्या कोळशाच्या थरांना गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव आधीच मिळालं होतं. ग्लॉसॉप्टेरिस सापडणारे सगळे प्रदेश एकेकाळी एक होते असं मांडताना सुएस यांनी त्या जुन्या विशाल भूमीला १८८५ मध्ये 'गोंडवनलँड' म्हटलं. जगभरच्या पुस्तकांत आज आपल्या गोंड राजांचा मुलूख आहे तो त्यामुळे.

त्यांचा नातू हान्स सुएस. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी थोडा असतो आणि झाडं तो घेतात. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो, म्हणून कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरलेला नसतो. हान्स यांनी झाडांच्या वर्षवलयांतलं लाकूड तपासलं. १९५५ मध्ये त्यांनी दाखवलं की विसाव्या शतकातल्या लाकडात कार्बन-१४ आधीपेक्षा पातळ झाला आहे, कारण हवेत जुना, कार्बन-१४ नसलेला कार्बन मिसळतो आहे. तो कोळशाच्या आणि तेलाच्या धुराचा. आजोबांनी कोळशाच्या जुन्या भूमीला नाव दिलं, आणि कोळसा जळून हवेत गेल्याची खूण नातवाने झाडातून वाचली. विज्ञानाच्या इतिहासात आजोबा-नातवाची इतकी सुंदर जोडी मला दुसरी माहीत नाही.

हिशेब सरळ आहे. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. दुर्गापूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, आणि राज्यातल्या कितीतरी घरांत दिवे लागतात ते त्याच्यामुळे. त्या उजेडाचे आपण ऋणी आहोत, हे मी खाणीतला माणूस म्हणून छातीठोकपणे सांगतो. पण हवेतला हा वायू कारखानदारी सुरू होण्याआधी दहा लाखांत २८० होता, आज तो ४२० च्या वर गेला आहे, हेही तितकंच खरं. तो परत जमिनीकडे ओढणारं एक जुनं यंत्र म्हणजे झाडाचं पान, आणि गडचिरोली जिल्ह्याचा अजून जवळपास ७० टक्के भाग जंगल आहे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. सहल काढायची तर एक वैरागडला काढा. दुसरी सिरोंचा तालुक्यात वडधमला न्या, जिथे डायनोसोरांच्या काळातली झाडं कोळसा न होता दगड झाली, कारण त्यांच्यात कार्बनच्या जागी सिलिका शिरली. आणि वर्गात कोळशाचा एक खडा आणून ठेवा. पोरांना त्यातला बोट काळं करणारा थर स्वतः शोधू द्या.